दोन गठ्ठे

रेकॉर्डवाला जमिनीवर उकिडवा बसला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गठ्ठे वाढत चालले होते. डावीकडे फिल्मी, उजवीकडे बाकीचं सगळं. हात काय भराभर चालायचा त्याचा, कव्हर बघायचं, रेकॉर्ड अर्धी बाहेर ओढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची, ओरखडे बघायचे, एक फुंकर मारायची आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे. डावीकडच्याला शंभर, दीडशे, उजवीकडच्याला वीस रुपये, तेही मेहेरबानी केल्यासारखे. वरच्या मजल्यावरच्या अंकलची रिकामी खोली, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली, महिन्याभरात सगळ्यांना बाहेर पडायचंय, अंकल जाऊन वर्ष होत आलं आणि त्यांची मुलगी तिकडे टोरांटोत. तिने व्हिडिओ कॉलवर मला सांगितलं होतं, "व्हायोलिन तेवढं ठेव, बाकी तू बघ ना गं, मला नाही बघवत." म्हणून मी बघत होते. आणि मग त्याच्या हातात ती आली. कव्हर केव्हाच फाटून गेलेलं, ब्राऊन पेपरचं घरी शिवलेलं पाकीट, त्यावर अंकलच्या तिरप्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं पण शाई पसरलेली. आत लाल लेबल, लेबलवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा. त्याने ती उजेडात फिरवली, नाव वाचायचा प्रयत्न केला आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, ये फिल्मी है के क्लासिकल?"

मी म्हणाले, "फिल्मी."

डाव्या गठ्ठ्यावर गेली. चार सेकंदांचं काम.

त्या रात्री झोपताना मला उगाच ते आठवत राहिलं. म्हणजे मी खोटं बोलले असं नाही. रेकॉर्ड मारिओ लांझा ह्या अमेरिकन गायकाची होती, 'द ग्रेट कारुसो', कारुसो म्हणजे इटलीचा तो मोठा गवई आणि हा त्याच्यावरचा सिनेमा, आता सिनेमा आहे म्हटल्यावर फिल्मीच की. पण त्यात एकही सिनेमाचं गाणं नव्हतं. व्हर्दी होता, पुच्चिनी होता, दोनिझेत्ती होता, सगळे ऑपेराचे, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकांचे, संगीतकार. आणि मी फिल्मी म्हणाले ते काही विचार करून नाही, वीसच्या ऐवजी शंभर मिळतील म्हणून म्हणाले, हे मला माहिती आहे. अंकलना त्याने हाच प्रश्न विचारला असता तर ते काय म्हणाले असते हे मात्र मला आजही सांगता येत नाही, आणि त्यांच्या घरात माझं अर्धं बालपण गेलंय.

आमच्या घरी रेडिओवर नाट्यसंगीत आणि वर अंकलकडे हे. दुपारी शाळेतून आलं की जिन्यात दोन्ही एकत्र मिसळायचं. आई खालून ओरडायची, "त्या माणसाला कोणी मारतंय का?" लांझाच्या आवाजाबद्दल. आणि खरंच, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तसंच वाटतं. आपल्याकडे गवई सुराकडे हळूहळू जातो, आधी त्याच्या भोवती फिरतो, विचारपूस करतो, मग हात लावतो. हा माणूस आला की थेट सुरावर उडी मारायचा आणि वर उभा राहून दोन्ही हात पसरायचा. मला सात-आठ वर्षांची असताना त्याची भीती वाटायची आणि तरी मी वर जायचे, कारण अंकल रेकॉर्ड लावली की मला बिबिंका द्यायचे, आणि सांगायचे, "आयक गो बाय, हा काय म्हणतोय माहितीये? जुब्बा घाल म्हणतोय." मला वाटायचं चेष्टा करतायत. खूप वर्षांनी शोधलं तर खरंच, 'व्हेस्ती ला जुब्बा', पाल्याच्चोचा, म्हणजे विदूषकाचा, पोशाख चढव, तोंडाला पावडर फास, लोकांनी पैसे दिलेत आणि त्यांना हसायचंय. बायको दुसऱ्या कोणाबरोबर आहे हे त्या विदूषकाला आत्ताच कळलंय आणि पाच मिनिटांत स्टेजवर जायचंय. इटालियनांचा जुब्बा आणि आपला जुब्बा दोन्ही मुळात अरबीतून आलेले, एक समुद्राच्या त्या बाजूने गेला आणि एक ह्या बाजूने आला.

अंकल मूळचे गोव्यातल्या बार्देसचे. वडील तारवटी, म्हणजे बोटीवर. चर्चच्या शाळेत सोलफेज, म्हणजे तिकडची सरगम, आणि व्हायोलिन शिकले आणि चौदाव्या वर्षी व्हायोलिनची पेटी घेऊन मुंबईला धोबीतलावच्या कूडमध्ये येऊन पडले. कूड म्हणजे गावागावाचे क्लब, एका हॉलमध्ये भिंतीला लागून ओळीने पत्र्याच्या ट्रंका, त्याच ट्रंकेवर माणूस झोपणार, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. तिथून मेट्रो पाच मिनिटांवर. मेट्रो म्हणजे एमजीएम ह्या सिनेमा कंपनीचं स्वतःचं थिएटर, हॉलिवूडचा सिंह तिथेच डरकाळी फोडायचा. आणि अंकलचं म्हणणं असं की मुंबईतला पहिला पगार, म्हणजे कोणाच्या तरी लग्नात व्हायोलिन वाजवून मिळालेले पैसे, त्यांनी कारुसो बघण्यात उडवला. तीनदा. तिसऱ्यांदा उपाशी. हे सांगताना दर वेळी आकडा बदलायचा, कधी तीन कधी पाच, पण उपाशी हे कायम असायचं. थंडगार एसी, मऊ खुर्ची, आणि पडद्यावर टेक्निकलरमध्ये एक जाडसर, कुरळ्या केसांचा, दात दाखवून हसणारा इटालियन पोरगा, ज्याचं तोंड त्यांच्या गावच्या बेकरीवाल्याच्या पोरासारखं. "मला वाटलेलं हे गाणं फक्त मोठ्या लोकांचं," ते म्हणायचे, "टाय घालून ऐकायचं. आणि हा तर आमच्यातलाच."

आता ह्यातली गंमत अशी की तो खरंच त्यांच्यातलाच होता. मारिओ लांझा हे नाव सुद्धा त्याचं नाही, आईचं माहेरचं नाव मारिया लांझा, त्याचं पुल्लिंग केलं. खरा तो आल्फ्रेड कोकोत्सा, फिलाडेल्फियाच्या दक्षिण भागातल्या इटालियन वस्तीत ३१ जानेवारी १९२१ ला जन्मलेला, वडील पहिल्या महायुद्धात जखमी होऊन घरी बसलेले आणि दिवसभर कारुसोच्या रेकॉर्ड लावणारे. पोरगं त्या रेकॉर्डबरोबर गात मोठं झालं. आणि त्याच वर्षी २ ऑगस्टला तिकडे नेपल्सला कारुसो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला, त्यामुळे पुढे लोकांनी एक गेला आणि एक आला वगैरे जोडून टाकलं. आपल्याकडे असं जोडायची लोकांना हौस असते असं मला वाटायचं, तिकडेही असते. १९४२ ला अमेरिकेतल्याच टँगलवूडला कुसेवित्स्कीसारख्या बड्या ऑर्केस्ट्रा कंडक्टरच्या हाताखाली शिकून त्याने ऑपेरात एक भूमिका केली, मग सैन्यात गेला, मग १९४७ च्या ऑगस्टमध्ये 'हॉलिवूड बोल' नावाच्या खुल्या थिएटरात गायला आणि एमजीएमचा लुई मेयर ते ऐकून खूश झाला. सात वर्षांचा करार. १९४८ ला न्यू ऑर्लिन्सला 'मादाम बटरफ्लाय'मधला पिंकर्टन केला, दोन प्रयोग. आणि संपलं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी परत वाचलं, की नीट वाचतेय ना मी. ज्याचा आवाज ऐकून अर्ध्या जगाला ऑपेरा म्हणजे काय ते कळलं, त्याने व्यावसायिक ऑपेराच्या स्टेजवर आख्ख्या आयुष्यात हे दोनच प्रयोग केले. सिनेमात मात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचा पडदा त्याच्यासाठी रोज वर जायचा.

त्या कारुसो सिनेमाचं काय सांगू. १९५१ चा. काही वर्षांपूर्वी लॉकडाऊनमध्ये मी तो शोधून बघितला, अंकलना फोनवर सांगत सांगत, कारण वर जायची चोरी होती. सिनेमा म्हणून अगदी साधा आहे. गरीब मुलगा, आवाज, श्रीमंत मुलगी, तिच्या बापाचा विरोध, टाळ्या, मृत्यू. कारुसोच्या आयुष्यात लग्नाआधीची एक बाई होती आणि तिच्यापासून झालेले मुलगे होते, ते सगळे सिनेमातून गायबच. खरा कारुसो महिनोन् महिने आजारी राहून नेपल्सला गेला, सिनेमात गाता गाता स्टेजवर कोसळतो. त्याच्या इटलीतल्या घरच्यांनी ह्या सगळ्यावरून एमजीएमला कोर्टात खेचलं आणि जिंकलेही. पण हे मी अंकलना सांगायला गेले तर ते म्हणाले, "गो, ते मला तेव्हाच कळलेलं खोटं आहे ते. पण गळा खोटा होता काय?" आणि मग फोनवरच त्यांनी पुच्चिनीच्या 'तोस्का'मधलं ते गाणं गायला सुरुवात केली, पंच्याऐंशीच्या घरातला थकलेला आवाज, दमा असलेला. त्यात एक चित्रकार असतो, पहाट व्हायच्या आधी त्याला गोळी घालणार असतात, रोममधल्या किल्ल्याच्या गच्चीवर बसून तो शेवटची चिठ्ठी लिहायला घेतो आणि लिहूच शकत नाही. कारण आठवतं काय, तर चांदण्या होत्या, मातीचा वास सुटला होता, बागेचं दार करकरलं आणि वाळूवर पावलं वाजली. बस एवढंच. ती आली, एवढं सुद्धा सुरुवातीला म्हणत नाही, दाराचा आवाज सांगतो. क्लॅरिनेट ते आधी वाजवतं आणि हा त्याच्यावर जवळजवळ बोलल्यासारखा हलकं बोट ठेवतो. लांझाच्या त्या रेकॉर्डमध्ये इथे त्याचा श्वास घेतलेला ऐकू येतो. आणि मग शेवटी जेव्हा म्हणतो की मी मरतोय आणि जगण्यावर इतकं प्रेम मी कधी केलंच नव्हतं, तेव्हा तो आवाज फाटतो की काय असं वाटतं, फाटत नाही, पण तुम्ही खुर्ची धरून बसता. जाणकार लोक म्हणतात की तो इथे जास्तच करतो. हुंदके देतो. करतो, हे मलाही ऐकू येतं.

जास्तच करतो हे त्याच्या मागे शेवटपर्यंत लागलं. १९५२ ला 'द स्टुडंट प्रिन्स'ची गाणी रेकॉर्ड करून झाली होती, दिग्दर्शकाने सांगितलं की प्रशियाचा राजपुत्र असा नाही गाणार, भावना कमी कर. लांझा म्हणाला अभिनय कसा करायचा ते मला सांग, गायचं कसं ते सांगू नकोस, असा काहीसा तो वाद, आणि गेला उठून. शेवटी स्टुडिओने त्यालाच काढलं, त्याची रेकॉर्ड झालेली गाणी ठेवून घेतली आणि १९५४ ला सिनेमा आला तेव्हा पडद्यावर एडमंड पर्डम नावाचा सडपातळ देखणा माणूस ओठ हलवत होता आणि आवाज लांझाचा. तोवर दिग्दर्शकही बदलला होता, म्हणजे ज्याच्यामुळे भांडण झालं तोही राहिला नाही. आता आपल्याला ह्यात काही वाटतच नाही. आपण प्लेबॅकवर वाढलेले लोक, एक झाडामागे नाचणार आणि दुसरा स्टुडिओत उभा राहून गाणार हे आपल्याकडे १९३५ पासून चालू आहे, त्याची कोणाला लाज नाही, उलट गाणारा नाचणाऱ्यापेक्षा मोठा. तिकडे मात्र ही शिक्षा होती. आणि त्याच वर्षी वर कहर म्हणजे हा टीव्हीच्या एका मोठ्या कार्यक्रमात आला, वजन उतरवण्यासाठी उपासमार करून पार गळून गेलेला, आणि आपल्याच जुन्या रेकॉर्डवर ओठ हलवले. पेपरवाल्यांनी पकडलं. लांझाचा आवाज गेला अशी बोंब. मग बिचाऱ्याने काही दिवसांनी पत्रकारांना घरी बोलावलं आणि त्यांच्यासमोर उभं राहून गाऊन दाखवलं. मला हे दृश्य डोळ्यासमोरून जात नाही, हॉल, सोफे, वहीपेन घेऊन बसलेली माणसं आणि मध्ये हा, आवाज आहे हो माझा, हे बघा.

अंकलना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "आम्हाला कोणी विचारलंच नाही कधी, तुम्ही वाजवलं का म्हणून."

कारण अंकल चाळीसेक वर्षं हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. व्हायोलिनची तिसरी ओळ. ताडदेव, महालक्ष्मी, अंधेरी, जिथे बोलावतील तिथे. समोर नोटेशनचा कागद, तो वाचता यायचा म्हणून तर ही सगळी गोव्याची मंडळी त्या ऑर्केस्ट्रात होती. सकाळी नऊला शिफ्ट, दुपारपर्यंत गाणं झालं की पाकीट, आणि संध्याकाळी चर्चच्या क्वायरबरोबर बाख. कधी कधी घरी परत येताना ट्रेनच्या डब्यात कुठूनतरी आपलंच गाणं ऐकू यायचं. रेकॉर्डच्या कव्हरवर नाव कधीच नाही. मी एकदा लहानपणी विचारलं होतं, अंकल, तुम्ही काय वाजवता, क्लासिकल की पिक्चरचं? तर म्हणाले, जे पुढ्यात ठेवतात ते.

बरं, आई. आईला लांझा आवडायचा नाही पण नाटकाचं पद सिनेमात घेतलं की तिचा जीव जायचा. २०१५ ला 'कट्यार'चा सिनेमा आला तेव्हा मी तिला प्लाझाला घेऊन गेले. थिएटर गच्च, शेजारी कॉलेजची पोरं, ज्यांनी आयुष्यात एकही संगीत नाटक बघितलं नसेल, ती पॉपकॉर्न हातात धरून गप्प. आणि आई मध्यंतरात म्हणाली, "पदं कापली गं." मी म्हटलं आवडलं नाही का, तर म्हणे आवडलं पण कापली. संपल्यावर डोळे पुसत बाहेर आली आणि परत तेच, कापली. माझा भाचा त्यानंतर दोन महिने बाथरूममध्ये तेच गात होता, चुकीचे शब्द घालून. ही तक्रार मी वर जाऊन अंकलना सांगितली तर हसले खूप. म्हणाले लांझाबद्दल आमच्या क्वायर मास्टरने अगदी हेच म्हटलेलं, की तीन तासांचा ऑपेरा आणि हा तीन मिनिटं गाऊन पळतो, आधीचं नाही नंतरचं नाही, हे गाणं म्हणजे नुसतं डोकं कापून आणलेलं. "मी त्याला म्हणालो, फादर, अख्खं डुकर घरी कोण आणतं? सोरपोतेलची वाटी आली तरी पोरं खूश होतात."

तसं बघितलं तर कापाकापी काही लांझाने सुरू केली नाही. ती खुद्द कारुसोची. १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानच्या हॉटेलच्या एका खोलीत फ्रेड गायसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस भोंगा घेऊन बसला आणि कारुसोने एका दिवसात दहा गाणी म्हटली, शंभर पौंडात. तबकडीवर तीनेक मिनिटंच मावायची, म्हणजे आरियाचं, ऑपेरातल्या एकट्याच्या गाण्याचं, काय करायचं ते करा पण एवढ्यात बसवा. आणि तोच गायसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला पोचला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जानला भोंग्यासमोर उभं केलं. तासभर चालणारा ख्याल तिने तीन मिनिटांत बसवला आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगितलं. एकच माणूस, एकच यंत्र, सात महिन्यांचं अंतर. हे वाचल्यावर मला कितीतरी दिवस बरं वाटत होतं, का ते नाही माहीत. आणि कारुसोचा अजून एक किस्सा आहे, १९१८ ला त्याने सिनेमात काम केलं. मूकपट. जगातला सगळ्यात मोठा गवई आणि सिनेमाला आवाज नाही. त्यात तो डबल रोल करतो, एक प्रसिद्ध टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष, आणि एक त्याचा गरीब चुलतभाऊ. पडद्यावर तोंड उघडून गातोय आणि थिएटरात शांतता, फार तर खाली कोणीतरी पियानो बडवतंय. अर्थातच पडला. आपले बालगंधर्व १९३५ ला प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले तेव्हाही लोकांना काही ते रुचलं नाही, ज्यांना शालू नेसलेलं बघायची सवय त्यांना दाढीमिशीत कोण बघणार. कारुसोला जे जमलं नाही ते करायला त्याचा आवाज तीस वर्षांनी दुसऱ्याच्या गळ्यात यावा लागला, असं लांझाचे भक्त म्हणतात. मी इतकी पुढे नाही जाणार.

पण एक आहे. लांझाचं 'बी माय लव्ह' हे गाणं, ते तर शुद्ध सिनेमाचं, १९५० च्या 'द टोस्ट ऑफ न्यू ऑर्लिन्स'मधलं, दहा लाखांवर खपलेलं. त्याची रेकॉर्ड आरसीए कंपनीने कुठल्या लेबलवर काढली तर रेड सीलवर. म्हणजे ज्या लाल लेबलवर ऑपेरा, सिंफनी, रुबिनस्टाइन, तोस्कानिनी. क्लासिकलचा शिक्का. कंपनीला तेव्हाच कळत नव्हतं ह्याला कुठल्या खणात ठेवायचं, तर त्या उकिडव्या बसलेल्या माणसाला आणि मला काय कळणार. ऑपेरावाले म्हणायचे हा सिनेमानट, ह्याला कुठे तीन तास बिनमाइकचं उभं राहायचंय. आणि सिनेमावाले म्हणायचे हा गवई, ह्याला आरसा दाखवा, ह्याचं पोट झाका. शेवटी तो १९५७ ला उठून रोमला गेला, बायको आणि चार पोरं घेऊन. तिथे दोन सिनेमे केले, वजन, दारू, पायाच्या शिरांचं दुखणं, सगळं चालूच. रोमच्या ऑपेरात पाल्याच्चो करायची बोलणी चालली होती, म्हणजे तोच जुब्बा. ७ ऑक्टोबर १९५९ ला रोमच्याच एका दवाखान्यात गेला. अडतीस वर्षांचा होता.

माझ्या मुलाच्या वयाचा, हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं.

आणि इकडे बार्सेलोनात एक पाच-सहा वर्षांचा पोरगा कारुसो बघून घरी आला होता आणि त्यातलंच गात सुटला होता, घरच्यांना वेड लागायची पाळी. तो होसे कॅरेरास. मोदेनात एक बेकरीवाल्याचा पोरगा लांझाचे सिनेमे बघून आरशासमोर हात पसरून उभा राहायचा, तो पावारोत्ती. बेकरीवाल्याचा पोरगा! अंकलना हे मी सांगितलं तेव्हा काय आनंद झाला होता त्यांना, बघ, मी म्हटलं नव्हतं, तोंड तसंच. प्लासिदो दोमिंगोने पुढे लांझावरच्या माहितीपटात निवेदन केलं. आणि मग ७ जुलै १९९० ला हे तिघे रोममध्येच, फुटबॉल वर्ल्ड कपच्या फायनलच्या आदल्या रात्री, एकत्र गायले आणि रिक्षावाल्यांपासून सगळ्यांना टेनर म्हणजे काय ते कळलं. आमच्याकडे तेव्हा केबल नव्हती. अंकलनी नंतर कॅसेट आणली आणि सबंध बिल्डिंगला ऐकवली, दार उघडं टाकून. आईसुद्धा जिन्यात येऊन उभी राहिली होती, हातात पीठ लागलेलं. "हा बरा आहे," म्हणाली एकाबद्दल, कोणाबद्दल ते आता आठवत नाही. "तुमच्या त्या ओरडणाऱ्यापेक्षा बरा." अंकल म्हणाले, "वहिनी, हा त्याचाच शिष्य." आई म्हणाली, "मग सुधारला."

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर रॉयल ऑपेरा हाऊस. माझ्या पिढीला ऑपेरा हाऊस म्हणजे बसस्टॉप. कंडक्टर ऑप्राहाऊस ऑप्राहाऊस ओरडायचा आणि आम्ही उतरायचो. १९११ ला पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलेली ती वास्तू, पुढे तीस सालानंतर सिनेमा थिएटर झाली, १९९३ ला बंद पडली, खिडक्यांना पिंपळ. अंकल म्हणायचे मुंबईत ऑपेरा हाऊस आहे आणि मी त्यात राज कपूर बघितला. ऑक्टोबर २०१६ ला ते दुरुस्त करून परत उघडलं आणि पहिल्या कार्यक्रमात पॅट्रिशिया रोझारिओ गायली, मुंबईत वाढलेली, मूळची गोव्याची. मी अंकलना म्हटलं जाऊया, तिकीट बघते. त्यांनी कोट काढला सुद्धा, इस्त्रीला दिला. पण गुडघे आणि आमच्या बिल्डिंगचे जिने, शेवटी नाही गेलो. नंतर कधीतरी जाऊ म्हटलं. कोट मी मागच्या महिन्यात चर्चला दिला.

तर, रेकॉर्ड. जवळजवळ दोन महिन्यांनी मी चोर बाजारात गेले होते, जुन्या खिडकीच्या पितळी बिजागऱ्या शोधायला, नवीन घरात लावणार कुठे तो प्रश्न वेगळा. आणि पाय आपोआप त्याच्या दुकानाकडे वळले. दुकान म्हणजे दोन ग्रामोफोन, बंद पडलेलं घड्याळ आणि छतापर्यंत रेकॉर्ड. त्याने ओळखलं, चहा मागवला. मी उगाच इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, ती ब्राऊन पेपरवाली, लाल लेबलची, गेली का? त्याने जरा आठवलं आणि वाकून टेबलाखालून एक खोका ओढला. त्यात वेड्यावाकड्या सात-आठ रेकॉर्ड, एक इंग्लिश शिकायची, एक रेल्वेच्या आवाजांची, आणि ही. म्हणाला, "ताई, ये इधर भी नहीं चलता, उधर भी नहीं चलता. फिल्मीवाला सुनता है तो बोलता है ये तो क्लासिकल है. क्लासिकलवाला नाम पढ़ता है और हँसता है." मी म्हटलं द्या मला परत, किती? तर म्हणाला तीनशे.

मी म्हटलं, "अहो, माझ्याकडून शंभरला नेलीत!"

"वो तो फिल्मी के भाव में लिया था ना," तो म्हणाला. चहा पीत, अगदी शांतपणे. "अभी ये क्लासिकल है."

अडीचशेला दिली. घरी प्लेअर नाहीये.